कापलेला कोपरा

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या हाताने साधी काचेची नळी उचलताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून त्यांनी पांढरा कोट चढवला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला आलं ते हसू.

पाहुणे निधी देणाऱ्या संस्थेचे; कुणाचा आजार झपाट्याने वाढेल हे साहेबांचं भाकीत बघायला आले होते. एचआयव्हीचा विषाणू रूपं बदलतो. बरीच वर्षं रक्तात सौम्य रूप नांदतं. काहींच्यात पुढे दुसरं उपजतं, आणि ते आलं की शरीराच्या लढाऊ पेशी भराभर घटतात. आमच्या भाषेत पहिलं संथ, दुसरं जलद. ओळखायचं असं: प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, प्रत्येकात जिवंत पेशी, त्यात एकेका रुग्णाचा विषाणू. जलद असेल तर पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात. औषधं तेव्हा पुरेशी नव्हती. जलदवाल्यांना ती आधी मिळणार, संथवाल्यांनी थांबायचं.

तपासणी नीट झाली की नाही ते कळावं म्हणून पहिल्या खळग्यात मी ओळखीचा जलद विषाणू घालते आणि शेवटच्यात नुसत्या पेशी. प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तो डावीकडे वर ठेवायचा. शिकाऊ पोरींना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

साहेबांनी तो उजवीकडे खाली ठेवला. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक निकाल सांगू लागले. मी लिहीत होते. पहिल्या खळग्यात गोळे हवेतच, तर तिथे एकही नाही. शेवटच्यात विषाणूच नव्हता, तिथे गोळ्यांची दाटी.

"हे दोन खराब झालेत. काट मारा, बाई."

मी काट मारली. कोपरा मला स्वच्छ दिसत होता. चारचौघांत कशाला, मागाहून बघू, असं म्हणून मी ब्र काढला नाही. मग सुरक्षिततेचं प्रात्यक्षिक म्हणून साहेबांनी प्लेटवर ब्लीच ओतलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

प्लेट आता पुन्हा बघता येणार नव्हती, तरीही वाट होती. प्लेट उलटी, म्हणजे यादी खालून वर वाचायची, बस्स. पण जेवणाच्या सुट्टीआधीच निकालांवर साहेबांची सही झाली. साहेबांच्या सहीवर बोलायची आमच्याकडे रीत नाही, आणि मी मोठी रीत पाळणारी.

यादीत अकराव्या नंबरला शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. संथ निघाल्या म्हणून त्यांची सहा महिन्यांसाठी बोळवण झाली होती. त्या परत आल्या तेव्हा सुईसाठी बोटात घातलेलं, आता सैल झालेलं अंगुस्तान टिकावं म्हणून आत चिंधी कोंबली होती. लढाऊ पेशी पाचशेवरून एकशे ऐंशीवर आल्या होत्या. मी तो कागद साहेबांकडे नेला. त्यांचा चेहरा उजळला.

"संथ असून एवढी घसरण! दुर्मीळ प्रकार आहे हा. यावर वेगळा लेख होईल. औषध इतक्यात सुरू करू नका, अजून तीन महिने बघू."

माणूस वाळत चाललंय आणि याला लेख सुचतोय. इतकी किळस मला ब्लीचच्या वासाचीही कधी आली नाही.

"दुर्मीळ कसलं, साहेब? प्लेट उलटी होती. यादीत खालून अकरावा नंबर शहाऐंशी, तिथे तुम्ही जलद सांगितलंय. तो निकाल यांचा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही पाहिलं होतं? मग सहा महिने गप्प का होता?"

त्यांच्या तोंडून निघालेलं अकलेचं बोलणं ते एवढंच, आणि ते नेमकं मला लागलं. मी यादी पुढे सरकवली. "यांच्यासारखे आणखी अकरा जण आहेत. आज सगळ्यांची औषधं सुरू करा. नाहीतर हा कागद मी पाहुण्यांना पाठवते, काट मारलेल्या दोन ओळींसकट. त्या ओळी त्यांना शिकाऊ पोरगीही समजावून सांगेल."

साहेबांनी बारा सह्या केल्या. कारणाच्या जागी लिहिलं, 'तांत्रिक सहायकाची नोंदीतील चूक.' म्हणजे माझी. मी तेही चालवून घेतलं.

मावशींच्या हातात गोळ्यांची बाटली दिली आणि सगळं सांगितलं. साहेबांवर त्या चिडतील, शिव्या घालतील, असं मला वाटलं होतं. खरं तर तीच आशा होती.

"त्यांना दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ताई, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो."

"कारखान्यात शेजारणीने कापड उलटं मांडलेलं दिसलं, तर मी ओरडते. मालक उभा असला तरी. कात्री चालून गेल्यावर बोलून काय करायचं?"

बाटली पिशवीत टाकून त्यांनी बाही वर केली आणि रक्त घेण्यासाठी हात माझ्यापुढे धरला. एवढ्याशा दंडावर मला पट्टा दोनदा गुंडाळावा लागला.