मास्तरांच्या उजव्या पायाखाली

मी योगाची चटई बोलतेय. रंग जांभळा. आता वीतभरच उरलेय, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा ऐका.

माझे मालक गाडी शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या आधीच यांचा उजवा पाय त्यावर, आणि आवाज टिपेला!

डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय. रोज आसनं करा, ध्यानाला बसा." मास्तरांनी नुसती मान हलवली. पण घरी लेक म्हणाली, "बाबा, मी गाडी शिकणार, पण दुसऱ्या कुणाकडे. तुमच्या शेजारी मला रडूच येईल." ते मात्र मनाला लागलं. त्याच संध्याकाळी मी घरात आले.

पहिले दिवस काय सांगू! मास्तर वाकले तर हात गुडघ्याखाली जाईनात. मांडी घातली की सोडवायला बायको हवी. "अहो, हे आसन आहे की कुस्ती?" ती म्हणायची. शेवटी आसनं जमतील तेवढी उभ्यानं, आणि ध्यान खुर्चीत बसून, पाय माझ्यावर.

डोळे मिटले, श्वास आत घेतला, की रस्त्यावर हॉर्न वाजायचा. धप्प! उजवा पाय माझ्या छाताडावर. दाराची बेल वाजली, धप्प! महिन्याभरात मला खड्डा पडला. मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण हळूहळू धप्प झाल्यावर मास्तर लांब श्वास सोडायला लागले. पाय आपटायचा, पण ओरडायचे नाहीत.

लेकीनं हे दारातून पाहिलं. "बाबा, उद्या येऊ तुमच्या गाडीत?"

मास्तरच घाबरले. "नको गं. पाय ऐकत नाही माझा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कात्री आणली. अगं आई गं! खड्ड्यासकट माझा तुकडा कापला आणि गाडीत, मास्तरांच्या ब्रेकच्या शेजारी अंथरला. माझं बाकीचं अंग घरीच राहिलं. त्यावर आता बायको मांडी घालून बसते, एका झटक्यात.

दुसऱ्या दिवशी भर चौकात लेकीनं गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तरांचा पाय उठला. माझा जीव टांगणीला. धप्प! ब्रेकवर नाही, माझ्यावर. मग लांब श्वास.

"होतं असं. फिरव चावी परत."

लेक बघतच राहिली. "बाबा, तुम्ही ओरडला नाहीत!"

"ओरडलो की. पायानं."

ती हसली, आणि गाडी सुरू झाली.

मास्तर, खुशाल दाबा हो मला, पोरगी शिकेपर्यंत दाबा. फक्त बूट तेवढे पुसून या.