सीव म्हणजे हद्द

आठ दिवस मी उन्मेषला एकच विचारत होते, सूनबाईचं नवं नाव काय ठेवायचं? आणि आठ दिवस चिरंजीवांचं एकच उत्तर, "आई, तिला नाव आहे."

आहे ना! सीव. माझ्या माहेरी सीव म्हणजे गावाची हद्द. घरात येणाऱ्या सुनेला कोणी हद्द म्हणून हाक मारतं का? नॉर्वेची मुलगी पसंत केलीस, बरं केलंस. परस्पर रजिस्टर लग्न उरकलंस, तेही गिळलं. निदान लक्ष्मीपूजन तरी माझ्या मनासारखं होऊ दे! ह्यांना सांगावं, तर हे बँकेत होते तेव्हाही गप्प आणि आता निवृत्त होऊन कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या घराच्या बाल्कनीत बसले तरी गप्प. माझा नुसता जळफळाट होत होता.

शेवटी रविवारी पाट मांडले, ताटात तांदूळ पसरले आणि उन्मेषच्या हातात सोन्याची अंगठी दिली. "यामिनी लिही."

त्याने अंगठी खाली ठेवली. "नाही लिहिणार."

"मग त्या सीवचा अर्थ तरी सांग! की तोही मीच शोधू?"

तो तोंड उघडणार तोच शेजारच्या पाटावरून सूनच बोलली. वर्षभर मराठी शिकत होती म्हणे. एकेक शब्द जपून टाकत होती. "जुनी देवी आहे, आई. सोनेरी केसांची. आणि जुन्या भाषेत... लग्न होतं, मग दोन घरं एकमेकांची होतात. ते नातं. त्याला मराठीत काय म्हणतात?"

"सोयरीक," बाल्कनीतून हे म्हणाले. बोलायला बरा मुहूर्त सापडला!

"हां, सोयरीक. ते माझं नाव. तुम्ही नवं नाव कशासाठी देता, आई?"

"तू या घरची झालीस म्हणून," मी म्हटलं. जे नाव पुसायला बसले होते, त्याचा अर्थच तो निघाला. मला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. अंगठी उचलून मी पुन्हा उन्मेषच्या हातात कोंबली. "लिही तेच."

हा शिकला कोलकात्यात. बंगालीत 'स' काय नि 'श' काय, बोलायला सगळं सारखंच. त्याने मोठ्या झोकात लिहिलं, 'शिव'.

"अरे गाढवा, 'स'! आणि वेलांटी दुसरी!" मी ओरडले. "माझ्या सुनेचं नाव आहे, नीट लिही!"