आधी तुम्ही

"मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "रिकामं असलं तर आतडं खाली उतरतं आणि भाजतं. मग जन्माचं दुखणं." कानाएने ते वहीत लिहून घेतलं होतं, आपल्या बाळाच्या, इत्सुकीच्या लसींच्या तारखांखालीच. तिची आई तोमिको नुसती मान डोलावत होती.

किरणोपचाराच्या पंचवीसपैकी आजची सतरावी खेप. आई वेळेवर अर्धा लिटर पाणी प्यायली होती, पण यंत्राचं वेळापत्रकच मागे पडलेलं. ती खुर्चीच्या कडेवर गुडघे आवळून बसली होती. कानाएच्या मांडीवर दहा महिन्यांचा इत्सुकी लंगोट भिजवून खुशाल झोपला होता.

"राजा आहे बघ. त्याला कुणी थांब म्हणत नाही," आई हसत म्हणाली.

"हसू नकोस गं आई, सुटेल."

तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. शेजारी मासळीबाजारातले म्हातारे हिरातासान काठीवर डुलत होते, कपाळावर घाम. आई उठली ती थेट त्यांच्यापुढे वाकली. "आधी तुम्ही."

"छे छे, पाळी तुमची."

"माझं काय, मी निवांत आहे."

"आई!" कानाए दबक्या आवाजात म्हणाली. तोवर हिरातासान आत गेलेही.

पाच मिनिटांत आई मुकाट्याने उठून शौचालयाकडे गेली. परतली ती नजर चुकवत. पुन्हा नाव पुकारलं. मूत्राशय भरलंय का ते यंत्राने तपासून पाहणं फक्त सोमवारी. एरवी नुसतं विचारतात.

"भरलंय ना?" तंत्रज्ञाने विचारलं.

"हो, हो."

"नाही भरलेलं!" कानाए ओरडलीच. इत्सुकी दचकून रडायला लागला.

आई लालबुंद झाली. बसलेल्या एकेकापुढे वाकून तिने उशीर केल्याची माफी मागितली. मग पुन्हा अर्धा लिटर, पुन्हा तासभर.

"चारचौघांत शोभा केलीस माझी."

"आतडं भाजलं असतं, आई."

"माझंच ना?"

कानाएने इत्सुकीला खांद्यावर घेतलं. पाणी तिला आईच्या वाटचं पिता येत नव्हतं, धरून ठेवता येत नव्हतं.

तासाने नाव पुकारलं. आई जपून, इंच इंच उठली. दारापाशी नुकतीच आलेली एक बाई पोट धरून उभी होती. आईची पावलं थांबली.

कानाएने तिची बाही घट्ट धरली. "आई, नको. हात जोडते."

आई तिच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती वाकायला लागली होती.