मनगटावरचं नाव

धाटावच्या कंपनीत स्फोट झाला तेव्हा शलोमीचा नवरा दानिएल आणि शेजारच्या किमयाचा हरेश एकाच शिफ्टला होते. दोघांचेही फोन लागेनात. मग रोह्याच्या दवाखान्यातून निरोप आला, एक मृतदेह ओळखायला या.

दोघी अष्टमी गावातून रिक्षाने निघाल्या. वाटभर शलोमी मनात एकच मागत होती, प्रभू येशू, तो माझा नसू दे.

तिथल्या माणसाने चादर बाजूला केली. चेहरा ओळखू येत नव्हता, पण मनगटावर 'किमया' असं गोंदलेलं होतं. किमया रडली नाही. ती नुसती त्या अक्षरांकडे बघत राहिली. शलोमीच्या मनात आलं, आपण हेच मागितलं होतं का?

इतक्यात तिचा फोन वाजला. दानिएल पेणच्या दवाखान्यात होता, भाजलेला, पण शुद्धीवर.

"जिता हाय ना तुझा?" किमयाने विचारलं.

"व्हय."

"मग जा गो."

शलोमी हलली नाही. किमयाने तिचा हात धरला. "तुझा येशू मेल्यावर उठला म्हणतेस. माझ्या हरेशला तो जवळ घेईल?"

इतकी वर्षं चर्चमध्ये म्हटलेलं आज शलोमीला पहिल्यांदाच कुणापुढे खरं करून सांगायचं होतं.

"घेईल. तो कुणाला टाकत नाय."

तेव्हा कुठे किमयाला रडू फुटलं.

किमयाचा भाऊ खांब गावाहून आल्यावरच शलोमी पेणला गेली. दानिएलने आधी हरेशचं विचारलं. तिने खरं सांगितलं. मग दोघांनी डोळे मिटून किमयासाठी प्रार्थना केली.