पाच सुरांचा राजा

मी पियानो आहे, मित्रांनो, आणि जुना आहे हे माझ्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या पाहून कुणीही सांगेल. मला एका बापलेकीनं बनवलं. बाप लाकूड निवडायचा, लेक तारा ओढायची. बापाच्या मते तारा सैल राहिल्या आणि लेकीच्या मते लाकूड ओलं होतं. दोघांचंही थोडं खरं निघालं, म्हणून माझा आवाज पहिल्यापासून जरा घोगरा आहे.

बरीच वर्षं मी एका नृत्यशाळेत होतो. तिथे माझ्यावर कुणी फुलदाणी ठेवत नसे, आणि एवढं कौतुक मला पुरत होतं. नृत्यशाळा बंद पडल्यावर मला एका शाळेला देऊन टाकलं. शाळेनं मला सातवीच्या वर्गात मागच्या भिंतीला लावलं आणि विसरून गेली. पाच-सहा वर्षं माझ्यावर डबे, दप्तरं आणि गुंडाळलेले नकाशे पडून असत. मुलं तर खुशाल झाकणावर चढून बसत. मी तक्रार केली नाही. करून ऐकणार कोण होतं?

मग भाषेच्या नव्या बाई आल्या. सातवीला तेव्हा एक जुनं पाच अंकी नाटक होतं. थोरला भाऊ राजा आणि धाकटा सेनापती. धाकटा राजाची आज्ञा मोडून वेढ्यात अडकलेल्या गावाला धान्य पोचवतो, आणि राजाला सख्ख्या भावाच्या देहदंडावर सही करावी लागते. नाटक उत्तम होतं, पण भाषा इतकी जड की एकेक वाक्य मुलांच्या डोक्यावरून जाई. बाई जीव ओतून वाचायच्या आणि मुलं जांभया द्यायची. एके दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं, मागे आल्या आणि माझ्यावरचा पसारा खाली ठेवू लागल्या.

बाईंना पियानो वाजवता येत नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. एका हातात पुस्तक, म्हणजे वाजवायला उरली पाच बोटं. त्यावरून नियम ठरला, प्रत्येक पात्राला पाचच सूर. मुलांनी नाटक वर्गातच करून दाखवायचं आणि पात्र आत येताना त्याची सुरावट वाजायची. ती मुलांनीच रचायची, पण जो रचेल त्यानं नाटकातलं एखादं वाक्य वाचून दाखवायचं आणि ते वाक्य त्या सुरावटीला पटायला हवं. वाक्य नाही, तर सुरावट नाही.

मग काय, वर्गात भांडणं सुरू झाली. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, सगळे त्याला लंबू म्हणत, म्हणाला, राजा रागीट आहे, त्याचे सूर दणदणीत हवेत. दुसऱ्यानं तिसऱ्या अंकातून वाक्य काढून दाखवलं की राजाला रागापेक्षा थकवाच जास्त आहे. प्रधानाचा शेवटचा सूर वर जावा की खाली, यावर दोन दिवस गेले. पुस्तक उघडायला नाक मुरडणारी मुलं आता वाक्य शोधायला मधल्या सुट्टीतही पानं चाळत होती. शेवटी राजाला खालचे पाच जड सूर मिळाले आणि धाकट्याला मधल्या पट्ट्यांवरची, उड्या मारत वर जाणारी सुरावट. मुलांनी पट्ट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, राजा एक, राजा दोन, धाकटा एक, अशा.

वाजवायचं काम चिमणीकडे गेलं. ती वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. वाचताना अडखळायची, म्हणून तिनं नाटकात काम नको म्हटलं होतं. ती चिठ्ठ्या पाहून वाजवायची आणि कधी चुकायची नाही.

मुख्याध्यापकांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. माणूस वाईट नव्हता, ते नाटक त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं म्हणणं, मुलं गाणं लक्षात ठेवतील आणि नाटक विसरतील. ते चौथा अंक पाहायला येणार होते. पटलं नाही तर पुढच्या वर्षापासून नाटक बंद आणि त्याच्या जागी एक छोटी गोष्ट. बाईंनी हे वर्गाला सरळ सांगून टाकलं. सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

ठरल्या दिवशी सकाळी शिपाईकाकांनी वर्ग लख्ख केला. मलाही ओल्या फडक्यानं पुसलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी पुसत होतं, त्यामुळे मी खुशीत होतो. पोरांनी काय घाण चिकटवून ठेवली आहे, असं पुटपुटत काकांनी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

चिमणीनं झाकण उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापक शेजारच्याच बाकावर बसले होते. बाई पुढे फळ्याजवळ, त्यांना काही कल्पना नाही. राजा सहीसाठी येतो तो प्रवेश होता, आणि राजा झालेला लंबू दाराबाहेर सुरावटीची वाट पाहत होता.

चिमणीचा हात खालच्या पट्ट्यांवर गेला, ते बरोबर होतं. पण बोटांतून निघाली धाकट्याची सुरावट. भावाचे सूर, राजाच्या जड आवाजात. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. रोज पाय आपटत येणारा लंबू दारातच थांबला. मग हळू चालत आला, बसला, लेखणी उचलली आणि किती तरी वेळ सही केली नाही. रोज ओरडून म्हणायचं वाक्य तो कसंबसं ऐकू येईल इतपत बोलला.

"ही राजाची सुरावट नव्हे," मुख्याध्यापक म्हणाले. म्हणजे इतके दिवस ते दाराआडून ऐकत होते तर.

"चुकलं, सर," चिमणी म्हणाली.

"मग तू का थांबलास?" त्यांनी लंबूला विचारलं.

"मला वाटलं, राजाला आत्ता भाऊच आठवत असणार. सही करताना दुसरं काय आठवेल?"

तेवढ्यात चिमणी उठली. तिनं पुस्तक घेतलं, पहिला अंक काढला आणि त्या दोघा भावांच्या आईचं वाक्य वाचलं, दोनदा अडखळत. "दोघेही माझ्या एकाच बोटाला धरून चालू लागले."

मुख्याध्यापकांनी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन ते पान पाहिलं. मग म्हणाले, "हे वाक्य मला पाठ आहे. पण सहीच्या वेळी ते मला कधी आठवलं नाही." नाटक पुढच्या वर्षीही राहिलं. बाईंनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच वर्गात निवांत बसल्या.

त्यानंतर मी आणखी तीन वर्षं वाजलो. मग सूर लावणारा कारागीर आला, त्यानं माझी मागची फळी उघडली आणि मान हलवली. आतली चौकट तडकली होती. आता मी जिन्याखालच्या कोठीत मोडक्या बाकांबरोबर असतो. मला वाटलं होतं, माझ्यावाचून बाईंचा तास अडेल. तो अडला नाही. मुलं जिना उतरताना राजा गुणगुणतात, धाकटा गुणगुणतात, आणि भांडतातही. यंदाचा राजा वेगळाच आहे, त्याचा एकही सूर माझ्या पट्ट्यांवर कधी वाजलेला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पूर्ण ऐकल्याशिवाय मला राहवतही नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या शाळेत एखादं वाद्य कपड्याखाली झाकून ठेवलं असेल, तर ते जपायचं म्हणून तसंच ठेवू नका. ते उघडा आणि वाजवा. येत नसेल तर चुकत वाजवा, आमचं त्यानं काही बिघडत नाही.