गाणारी बाई मधोमध हवी

गाणारी बाई मधोमध हवी. दोन स्पीकर, समोर माझी खुर्ची, आणि बाईचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून यायला हवा. स्टिरिओ ऐकायचा तो एवढ्याचसाठी. पण गेलं वर्षभर माझ्या घरातली बाई उजवीकडे सरकत चालली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आधी तारा बदलल्या. मग स्पीकर हलवले. खुर्ची पुढे घेतली, मागे नेली, सोफा सरकवला. गारखेड्यातल्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये चालायला वाट उरली नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," माझी बायको सुरेखा केर काढता काढता म्हणाली. मला भयंकर राग आला. शेंद्र्याच्या कंपनीत मी अख्खी नोकरी केली ती कानाच्या जोरावर. मशीनपाशी नुसतं उभं राहून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचो. निवृत्त झालो तरी फोन येतात, साहेब, जरा येऊन ऐकून जा. माझा कान म्हणजे मीच. तो बिघडला असेल, हा विचार आला की मी त्याला दारातूनच परत पाठवायचो. दोष त्या साध्या सीडीत असणार.

म्हणून हाय-रिझोल्यूशन डिस्क मागवली, ती वाजवणारा प्लेअरही घेतला. या डिस्कवर एकच गाणं दोनदा असतं. एक थर साध्या सीडीचा, दुसरा बारीकसारीक सगळं टिपणारा. रिमोटवरून एकातून दुसऱ्यात जाता येतं. फरक कळला तर कान शाबूत, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

फरक कळेना. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. दोन्ही थरांत बाई उजवीकडेच. चहा गार व्हायचा, पेपर तसाच पडायचा, मी आपला उठतोय आणि बसतोय. शेवटी अॅम्प्लिफायरवरचा, डाव्या-उजव्या स्पीकरात आवाज वाटून देणारा बॅलन्सचा खुंटा जरा डावीकडे पिळला. काही दिवसांनी आणखी जरा. मग आणखी. एका सकाळी बाई मधोमध आली, आणि दुसरा थर मला एकदम मोकळा, जिवंत वाटायला लागला. इतका आनंद झाला की लगेच शौकतला फोन लावला.

शौकत माझा कंपनीतला सोबती, गाण्याचा माझ्याइतकाच वेडा. दुपारी आला तो चप्पल काढतानाच सुरू झाला.

"मियाँ, हे पाच-सहा स्पीकरवाल्यांचे चोचले हायेत. आपल्या दोन डब्यांवर साधी सीडी लाव नाय तर ही लाव, काय फरक नाय. रेकॉर्डिंग मेहनतीनं केलेलं पाहिजे, बस."

"आधी ऐक, मग बोल."

त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. रिमोट माझ्या हातात. तो डोळे मिटून ऐकत होता, मी थर बदलत होतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. परीक्षा त्याची नव्हती, माझीच होती. एकाएकी त्याने डोळे उघडले आणि मान डावीकडे वळवली.

"थर-बिर राहू दे. बाईला खिडकीत का बसवलंस?"

"खिडकीत? कॅलेंडरपाशी आहे की!"

"नाय रे. समदी त्या डाव्या स्पीकरात जाऊन बसलीय. उजवा नुसता नावाला हाय."

तो उठला, अॅम्प्लिफायरपाशी गेला, खुंटा पाहिला आणि सरळ केला. "आता तू बस."

मी बसलो. बाई उजवीकडे निघून गेली.

माझ्या पाठीशी उभ्या शौकतला विचारलं, "तुला कुठं ऐकू येतीय?"

"मधोमध."

शौकतचा राग आला, डिस्कचा आला, ज्या मशीनांपाशी जन्म गेला त्यांचाही आला. खरं तर मला भीती वाटत होती. सोमवारी कंपनीत जायचं कबूल केलं होतं, आणि आता तिथे जाऊन मी काय ऐकणार होतो?

"डिस्कचा फैसला मागून करू," शौकत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "आधी डावा कान दाखव डॉक्टरला."

सुरेखा चहा घेऊन आली. आम्हाला कप दिले आणि माझ्या उजव्या हाताला बसली. तिची जागा खरी डावीकडे, खिडकीपाशी. वाऱ्याला बसून ती तिथेच भाजी निवडायची. तिथून उठून ती इकडे कधी आली, ते काही केल्या मला आठवेना.

"तू इकडं कधीपासून बसायला लागलीस?"

"वरीस झालं असंल. तिकडून बोललेलं तुम्हाला ऐकूच येईना."

"मग सांगायचं नाय का मला?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसून लई येळा सांगितलं."