पाण्याची पिंपं

दोघे पाहुणे येऊन अर्धा तास झाला, तरी कोणी तोंड उघडलं नव्हतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं असंच. आधी मौन, मग शब्द. एनॉक हार्करच्या ताटलीतलं वाटाण्याचं सूप गार झालं होतं.

शेवटी म्हातारा सायलस म्हणाला, "एनॉक, 'स्वॅलो' जहाजात तुझा सोळावा हिस्सा आहे. ते आफ्रिकेहून माणसं विकायला आणतं, असं कानावर आलंय. मालक म्हणतो, फक्त साखर. तू काय म्हणतोस?"

डेबोरा दाराशी उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. माणसांचा व्यापार पंथाला वर्ज्य; खरं सांगितलं तर हिस्सा विकावा लागणार. नाही विकला तर पंथाच्या सभेतली चाळीस वर्षांची जागा जाणार. आणि त्या हिश्शावरच दोघांचं म्हातारपण निघायचं होतं. एनॉकची बोटं हल्ली सकाळी वळतच नसत.

मालकाची री ओढणं सोपं होतं. पण एनॉक लाकडी पिंपं बनवायचा. 'स्वॅलो'ला त्यानेच पिंपं दिली होती, एकशे वीस, सगळी पिण्याच्या पाण्याची.

"खलाशी बारा," तो म्हणाला. "त्यांना वीस पिंपं पुरतात. बाकीचं पाणी काही साखर पीत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"फळ्या तासतानाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"हातोडीचा आवाज मोठा असतो, सायलस. बरं पडतं ते."

पाहुणे गेल्यावर डेबोरा म्हणाली, "झालं समाधान? आता ठोक पिंपं मरेपर्यंत." आणि सूप गरम करायला घेऊन गेली.

हिस्सा शेजारच्या पाववाल्याने घेतला. "तू जा स्वर्गात, मी करतो कमाई," तो हसत म्हणाला. "जहाज थोडंच थांबणार आहे?"

नाहीच थांबलं. आठवड्याने फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून ते सुटलं, तेव्हा एनॉक सायलसशेजारी बघत उभा होता. डेकवर बांधलेल्या प्रत्येक पिंपावर त्याच्या नावाचा डागलेला शिक्का होता.

"तुझ्याविना गेलं ना," सायलस म्हणाला.

"पिंपं माझीच आहेत."

दुसऱ्या सकाळी डेबोराने हंसाची चरबी चोळून त्याचं एकेक बोट सोडवलं आणि हातोडी हातात दिली. तासाभराने एक गिऱ्हाईक आलं. त्याला चाळीस पिंपं हवी होती.

"काय भरणार त्यात?" एनॉकने विचारलं.

"तुला रे काय करायचंय?"

एनॉकने हातोडी खाली ठेवली. स्टुलावर बसला, समोरचं स्टूल गिऱ्हाइकाकडे सरकवलं, आणि गप्प राहिला.